फुसे स्थानकाजवळचं सुशीचं दुकान

ओसाका शहराला पूर्वेकडून चिकटून असलेल्या फुसे या गावात, किन्तेत्सु रेल्वेच्या स्थानकाच्या उत्तरेला, १९५८ सालच्या एप्रिल महिन्यात सुशीचं एक दुकान सुरू झालं. दुकानाचं नाव ‘मावारु गेनरोकु-झुशी’, म्हणजे फिरणारी गेनरोकु सुशी. आत खायच्या फळीला लागून एक पट्टा संथपणे फिरत होता आणि त्यावर छोट्या बश्या होत्या. पट्ट्याच्या आतल्या अंगाला उभे असलेले कारागीर सुशी वळत, बशीत ठेवत आणि बशी पट्ट्यावर सोडून देत. गिऱ्हाइकानं हात पुढे करून हवी ती बशी उचलायची, खायची, रिकामी बशी शेजारी रचायची आणि निघताना बश्या मोजून पैसे चुकते करायचे. मधे वाढपी नव्हता.

दुकानाचे मालक शिराइशी योशिआकी. जन्म १९१३ चा, मूळ एहिमे प्रांतातले. त्यांच्या या दुकानातून पुढे जगभर पसरलेला एक धंदा उभा राहिला. त्याचा इतिहास बहुतेक वेळा यंत्राचा इतिहास म्हणून सांगितला जातो: पट्टा कसा सुचला, कसा बनला, कुठे कुठे गेला. यंत्राची हकिगत खरोखरच रंजक आहे आणि ती पुढे येईलच. पण उपाहारगृहांवरच्या या स्मरणिकेसाठी गेनरोकुची निवड करण्याचं कारण पट्ट्याहून थोडं वेगळं आहे. कामकरी माणसांच्या एका वस्तीतल्या साध्या दुकानानं, ज्या खाण्याच्या जवळ जायला त्या माणसांना संकोच वाटत असे, ते खाणं त्यांच्या हाताच्या अंतरावर आणून ठेवलं. मला गेनरोकुचं खरं काम तेच वाटतं.

हा संकोच कुठून आला हे समजायला थोडं मागे जावं लागेल. सुशीचा उगम ताज्या मासळीत नाही, मासळी टिकवण्यात आहे. मीठ लावलेला मासा शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने ठेवायचा, भात आंबू द्यायचा आणि त्या आंबटपणावर मासा टिकवायचा, ही मूळ रीत. बिवा सरोवराच्या काठावर ‘फुनाझुशी’ आजही याच पद्धतीनं करतात आणि तिचा वास पहिल्यांदा घेणाऱ्याला पेलत नाही. पुढे भात आंबण्याची वाट पाहण्याऐवजी त्यात व्हिनेगर घालायची युक्ती आली. मग एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदो शहरात, म्हणजे आजच्या तोक्योत, व्हिनेगर घातलेल्या भाताचा मुटका हातात वळून त्यावर माशाचा तुकडा ठेवायची ‘निगिरी’ लोकप्रिय झाली. तिचं श्रेय साधारणपणे हानाया योहेई या दुकानदाराला दिलं जातं. एदोतली ही सुशी गाड्यावर मिळायची. येता-जाता उभ्यानं दोन-चार घास खायचे आणि वाट धरायची, असं ते खाणं होतं.

ओसाकाची रीत निराळी. इथे लाकडी साच्यात भात आणि मासा थरांनी दाबून, वडी पाडून सुशी करत. व्हिनेगर-मिठात मुरवलेल्या बांगड्याची साच्यातली सुशी ही ओसाकाची खास ओळख, आणि तिचे अभिमानी आजही कमी नाहीत. मग एदोची निगिरी ओसाकाच्या फुसेत कशी पोचली? १९२३ च्या मोठ्या भूकंपात तोक्यो उद्ध्वस्त झालं आणि तिथले बरेच कारागीर पोटासाठी गावोगाव गेले, हे एक कारण सांगतात. दुसरं कारण अधिक भक्कम आहे. महायुद्धानंतर अन्नटंचाई इतकी होती की १९४७ साली सरकारनं उपाहारगृहांवर जवळजवळ सरसकट बंदी घातली. तेव्हा तोक्योतल्या सुशीवाल्यांनी एकत्र येऊन एक मार्ग काढला. आम्ही अन्न विकत नाही, गिऱ्हाइकानं आणलेल्या रेशनच्या तांदळाची फक्त सुशी बनवून देतो, असं त्यांनी मांडलं. एक ‘गो’, म्हणजे साधारण १५० ग्रॅम तांदूळ आणि वर मजुरी दिली की गिऱ्हाइकाला १० नग सुशी मिळे. ही सवलत इतर प्रांतांतही लागू झाली, पण सवलतीचा साचा तोक्योच्या निगिरीवर बेतलेला असल्यामुळे देशभरच्या सुशीवाल्यांनी निगिरी वळायला घेतली. स्थानिक प्रकार मागे पडले. ही हकिगत मला जपानी खाद्येतिहासातली सगळ्यात बोलकी वाटते, कारण एका कचेरीतल्या तडजोडीनं साऱ्या देशाची जीभ बदलली.

टंचाई सरली तशी सुशीची दुकानं परत उभी राहिली, पण गाड्यांचा जमाना ओसरला होता. सुशी आता काउंटरवर आली. गुळगुळीत लाकडी फळीपलीकडे उभा असलेला कारागीर आणि त्याच्यासमोर मोजकी गिऱ्हाइकं, अशी ती मांडणी. उमेदवारी करणाऱ्या पोरानं पहिली काही वर्षं भांडी घासायची, निरोप पोचवायचे, भात शिजवायला शिकायचं आणि सुरीला हात त्यानंतर लावायचा. तयार कारागीर व्हायला १० वर्षं लागतात असं म्हणायची पद्धत आहे. या शिस्तीतून अफाट कौशल्य आलं यात शंका नाही. पण गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर पुष्कळ दुकानांत भिंतीवर भाव लिहिलेला नसे. बाजारातल्या मासळीप्रमाणे त्या त्या दिवसाचा भाव मालकाच्या मनात असे आणि बिल किती होणार हे उठेपर्यंत कळत नसे. कोणत्या माशापासून सुरुवात करावी, किती मागावं, काय मागितलं तर अडाणी दिसू, या सगळ्याची एक अलिखित रीत होती. पगाराचं पाकीट घट्ट धरून जगणाऱ्या माणसाला अशा दारातून आत जाणं अवघड होतं. सणासुदीला किंवा पाहुणे आले तर घरी मागवायची वस्तू, असं सुशीचं स्थान झालं होतं.

आणि फुसे ही तर पगाराच्या पाकिटावर जगणाऱ्यांचीच वस्ती. १९६७ साली फुसे, कावाची आणि हिराओका ही तीन नगरं एकत्र करून हिगाशीओसाका शहर झालं. हे शहर आजही जपानात लहान कारखान्यांचं गाव म्हणून ओळखलं जातं. नट, बोल्ट, स्क्रू, साचे, तारा, छोटे सुटे भाग बनवणारी हजारो वर्कशॉपं इथल्या गल्ल्यांत आहेत. पुष्कळ ठिकाणी खाली कारखाना आणि वर मालकाचं घर. इथल्या छोट्या उद्योजकांनी पुढाकार घेऊन ‘माइदो-१’ नावाचा लहानसा उपग्रह बनवला आणि २००९ च्या जानेवारीत तो अवकाशात गेला, यावरून या गल्ल्यांतल्या हातांची जात कळावी. मुंबईच्या गिरणगावात खाणावळवाल्या बायकांनी गिरणी कामगारांच्या दोन वेळच्या जेवणाचा भार उचलला, त्यांच्यापाशी घड्याळ होतं ते भोंग्याचं. फुसेतल्या खाणावळींचं घड्याळही तसंच वर्कशॉपांच्या सुट्टीला बांधलेलं होतं. जेवणाची वेळ झाली की तेलकट हातांची माणसं एकदम बाहेर पडत आणि थोड्या वेळात खाऊन परतत.

शिराइशींचं आधीचं दुकान उभ्यानं सुशी खायचं होतं. नाव ‘गेनरोकु’. हे नाव १६८८ ते १७०४ या कालखंडाचं. ओसाकाच्या व्यापारी पेठा आणि रंगभूमी यांच्या भरभराटीचा तो काळ, त्यामुळे स्थानिक कानांना ते ओळखीचं आणि प्रसन्न वाटणारं. भाव कमी ठेवल्यामुळे गिऱ्हाईक भरपूर येई, आणि तीच अडचण झाली. सुट्टीच्या वेळेत सगळे एकदम येत, एकदम मागत. कारागिरानं सुशी वळायची की मागणी ऐकायची की बशी नेऊन द्यायची? माणसं वाढवावीत तर ती मिळत नव्हती, कारण कारखान्यांची चाकं जोरात फिरू लागली होती आणि तरुण मुलं तिकडे चालली होती. माणसं मिळाली असती तरी त्यांचा पगार सुशीच्या भावात मिळवावा लागला असता, म्हणजे मग स्वस्त सुशी स्वस्त राहिली नसती. धंद्याचं हे गणित नीट समजून घेतलं पाहिजे. पट्टा गंमत म्हणून आला नाही. भाव न वाढवता गर्दी कशी सांभाळायची, या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

उत्तर सुचलं ते बिअरच्या कारखान्यात. आसाही कंपनीच्या कारखान्याला शिराइशींनी भेट दिली आणि तिथे बाटल्या पट्ट्यावरून एकामागोमाग सरकत चाललेल्या पाहिल्या. बाटलीच्या जागी बशी ठेवली तर? कल्पना एका क्षणात येते, पण दुकान उघडेपर्यंत ५ वर्षं गेली. ही ५ वर्षं मला या इतिहासाचा कणा वाटतात, कारण खाणावळ चालवणाऱ्या माणसानं रोजचं दुकान सांभाळून, यंत्रशास्त्राचं शिक्षण नसताना एक नवं यंत्र घडवायला घेतलं होतं.

अडचणी कोणत्या होत्या ते पट्ट्याकडे नीट पाहिलं की ध्यानात येतं. कारखान्यातला पट्टा सरळ जातो. बाटली एका टोकाला चढते आणि दुसऱ्या टोकाला उतरते. खाणावळीतला पट्टा मात्र वळून परत मूळ जागी यायला हवा, म्हणजे न उचललेली बशी पुन्हा गिऱ्हाइकासमोर येईल. जागा चिंचोळी, म्हणून वळणं तीव्र. सरळ रांगेत चालणाऱ्या पट्ट्या वळणावर एकमेकींत अडकतात, नाही तर त्यांच्यात फट पडते आणि बशी कलंडते. यावर जो मार्ग निघाला तो आजच्या पट्ट्यांतही दिसतो: साखळीवर बसवलेल्या चंद्रकोरीच्या आकाराच्या चकत्या, एकीची कड दुसरीच्या पोकळीत बसणारी. सरळ चालताना आणि वळताना त्या पंख्याच्या पात्यांसारख्या एकमेकींवर सरकतात आणि वरचा भाग अखंड राहतो. शिवाय पट्टा खाण्याच्या जागी असल्यामुळे तो धुता यायला हवा, पाण्यानं आणि मिठानं गंजता कामा नये, आणि त्याचा आवाज बोलण्याच्या आड येता कामा नये.

मग वेग. पट्टा फार सावकाश चालला तर भुकेलं गिऱ्हाईक ताटकळतं आणि सुशी सुकते. फार वेगानं चालला तर बशी उचलताना धांदल होते आणि नीट पाहायलाही मिळत नाही. सेकंदाला साधारण ८ सेंटिमीटर हा वेग ठरला. २० मीटर लांबीचा पट्टा असेल तर एक फेरी पुरी व्हायला चार मिनिटांच्या वर थोडा वेळ लागतो. एवढ्यात माणूस एक बशी संपवून पुढची हेरू शकतो. हा आकडा कोणत्याही पुस्तकातून मिळणारा नव्हता. तो खाणाऱ्यांच्या हातांकडे आणि चेहऱ्यांकडे पाहूनच ठरू शकत होता, आणि ते पाहण्याची सवय खाणावळवाल्याला असते.

१९५८ साल ओसाका परिसराला खाण्याच्या बाबतीत विलक्षण फळलं. एप्रिलमध्ये फुसेत पट्टा सुरू झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच प्रांतातल्या इकेदा गावच्या आंदो मोमोफुकु यांचे झटपट नूडल्स बाजारात आले. दोन्ही शोध युद्धानंतरच्या टंचाईत भूक जवळून पाहिलेल्या पिढीचे. दोन्हींत साधनं थोडी आणि चिकाटी मोठी. ओसाकाच्या लोकांची खाण्यापायी कफल्लक होणारे म्हणून जपानभर ख्याती आहे. पण हे दोन शोध पैसे जपून खाणाऱ्यांसाठी होते, हे लक्षात घ्यायला हवं.

पट्टा सुरू झाल्यावर दुकानात नेमकं काय बदललं? भाव आधी कळू लागला, हे पहिलं. बशी मोजायची आणि गुणाकार करायचा; खिशात असतील तेवढ्या बश्या खाऊन उठता येऊ लागलं. दुसरं म्हणजे वस्तू डोळ्यांसमोर आली. माशाचं नाव माहीत नसलं तरी अडत नव्हतं, काय मागावं याचा विचार करावा लागत नव्हता, आणि कारागिराशी बोलण्याचं दडपण उरलं नाही. तिसरं, वेळ. बसल्या क्षणी पहिला घास तोंडात, त्यामुळे सुट्टीत सुशी खाणं शक्य झालं. एकट्यानं येणाऱ्या माणसाला, लहान मुलाला, गावाकडून नुकत्याच कारखान्यात आलेल्या पोराला, सगळ्यांना एकाच पट्ट्यासमोर सारखीच जागा. आधीच्या काउंटरवर ओळखीच्या गिऱ्हाइकाला चांगला तुकडा मिळत असे. इथे बशी ज्याच्या हाताला लागेल त्याची.

जुन्या कारागिरांना हे रुचलं नाही, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. वळलेली सुशी तत्क्षणी खायची असते, भात शरीराच्या उबेइतका कोमट असताना. पट्ट्यावर फेऱ्या मारणाऱ्या बशीत ती ऊब राहत नाही. गिऱ्हाइकाचा घास पाहून भाताचं प्रमाण कमी-अधिक करणारी नजरही पट्ट्याला नसते. पण ती नजर ज्याच्या वाट्याला कधीच येणार नव्हती, त्या माणसाचा विचार त्या टीकेत नव्हता. फुसेतल्या वर्कशॉपातल्या माणसापुढे उत्तम सुशी आणि मध्यम सुशी असा पर्याय नव्हता. सुशी मिळणं आणि न मिळणं, एवढाच होता. म्हणून माझं माप शिराइशींच्या बाजूनं झुकतं.

१९६२ च्या डिसेंबरात हा फिरता पट्टा शिराइशींच्या नावे सरकारदरबारी नोंदला गेला. आता पट्टा वापरायचा तर गेनरोकुची परवानगी हवी. १९६८ साली ईशान्येकडे सेंदाईत आणि तोक्योच्या उत्तरेला उत्सुनोमियात गेनरोकुच्या नावानं, परवान्यावर दुकानं निघाली. स्थानिक व्यावसायिकानं भांडवल घालायचं, पट्टा, नाव आणि पद्धत गेनरोकुची घ्यायची, असा तो व्यवहार होता. हॉटेलधंद्यात जपानला ही रीत तेव्हा नवीच होती.

मग आलं १९७० साल आणि ओसाकाचं जागतिक प्रदर्शन. मार्च ते सप्टेंबर या सहा महिन्यांत ६ कोटी ४० लाखांहून अधिक माणसं सुइताच्या टेकड्यांवर लोटली. चंद्रावरून आणलेला दगड पाहायला लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले. याच प्रदर्शनात अमेरिकन तळलेल्या कोंबडीचं दुकान जपानी लोकांनी पहिल्यांदा पाहिलं, आणि याच प्रदर्शनात गेनरोकुनं आपला पट्टा मांडला. भविष्यातली शहरं पाहायला आलेल्या लोकांना फुसेतली जेवणाची सोय हीदेखील भविष्यातलीच वाटली असणार. तिथून देशभर मागणी सुरू झाली. जपानी हॉटेलधंद्याचे अभ्यासक १९७० हे त्या धंद्याच्या आधुनिक पर्वाचं पहिलं वर्ष मानतात. अमेरिकन बर्गरचं पहिलं दुकान गिंझात उघडलं ते त्यानंतरच्या वर्षी, १९७१ मध्ये. साखळी दुकानांच्या स्पर्धेत परदेशी नावांच्या बरोबरीनं उभं राहिलेलं हे देशी नाव फुसेतल्या एका खाणावळीचं होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पट्ट्यात सुधारणा मात्र दुसरीकडे झाल्या. सुशी आपोआप येत होती, पण चहा? हिरवा चहा ओतायला माणूस फिरावा लागे, म्हणजे वाचवलेला माणूस चहाच्या किटलीत परत आला. कानाझावाच्या इशिनो कारखान्यानं १९७४ साली यावर तोड काढली. पट्ट्यालगत प्रत्येक गिऱ्हाइकासमोर गरम पाण्याचा नळ बसवला. पेल्यात चहाची पूड घालायची आणि पेला नळाखाली दाबायचा. आजही जपानमधले बहुतेक सुशीचे पट्टे कानाझावाच्या परिसरातच बनतात. मग पट्ट्याला काटकोनात टेबलं लावायची पद्धत आली, त्यामुळे चार-सहा जणांचं कुटुंब समोरासमोर बसू लागलं. सुरुवातीच्या काउंटरवर सगळे एका ओळीत बसत. एकट्याला ते ठीक, पण मुलाबाळांना अडचणीचं. टेबलं आल्यावर रविवारच्या संध्याकाळी घराबाहेर जेवायला जाणाऱ्या कुटुंबांनी ही दुकानं भरून गेली. १९८१ मध्ये सुझुमो कंपनीनं भाताचे मुटके वळणारं यंत्र आणलं. मिठायांची यंत्रं बनवणाऱ्या या कंपनीच्या संस्थापकाला भाताचा खप वाढवायचा होता, कारण सरकार शेतकऱ्यांना भात कमी लावायला सांगत होतं आणि ते त्याला सहन होत नव्हतं. सुशी आणखी स्वस्त झाली ती या यंत्रामुळे.

१९७८ साली नोंदणीची मुदत संपली आणि पट्टा सर्वांना मोकळा झाला. कप्पा, कुरा, सुशिरो ही आज जपानात घरोघरी माहीत असलेली नावं १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढच्या काही वर्षांत उभी राहिली. परवान्यावर चालणारी काही दुकानंही स्वतंत्र झाली. उत्सुनोमियाच्या दुकानाचं १९९० मध्ये ‘गेंकी’ झालं आणि ते नाव पुढे परदेशांत गेलं. ‘फिरती सुशी’ या अर्थाचे शब्द गेनरोकुनं व्यापारचिन्ह म्हणून राखून ठेवले होते, तेही १९९७ मध्ये इतरांसाठी खुले केले. त्याच वर्षी लंडनच्या सोहो भागात ‘यो! सुशी’चा पट्टा सुरू झाला. १९९० च्या दशकात जमिनीच्या आणि शेअरच्या भावांचा फुगा फुटल्यावर जपानी कुटुंबांनी खर्चाला कात्री लावली, आणि स्वस्त पट्ट्याला पुन्हा तेजी आली.

या तेजीत गेनरोकु स्वतः मात्र आकसत गेली. एके काळी तिची २४० पर्यंत दुकानं होती. २००१ साली ११ उरली. याचं वाईट वाटतं, आणि ते वाटणं मी लपवणार नाही. इतर साखळ्यांनी संगणक आणले, बशीखाली चिप बसवून किती वेळ फिरली याची मोजदाद ठेवली, शहराबाहेर मोटारींसाठी मैदानं असलेली प्रचंड दुकानं उघडली, मासळीची खरेदी जगभरातून एकवट केली. गेनरोकु रेल्वे स्थानकांच्या आणि बाजारपेठांच्या आसपास राहिली, पायी येणाऱ्या गिऱ्हाइकांत राहिली. धंद्याच्या हिशेबात हे मागे पडणं आहे. पण शेजारपाजारच्या खाणावळीच्या हिशेबात तसं म्हणता येत नाही, कारण आपल्या मूळ गिऱ्हाइकाला तिनं सोडलं नाही. शिराइशी उतारवयातही नवे प्रयोग करत होते. यंत्रमानवानं सुशी वाढायची अशी त्यांची पुढची कल्पना होती. ती धंद्यात जमली नाही. २९ ऑगस्ट २००१ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी ते वारले.

शिकायला किंवा नोकरीला जपानात गेलेल्या मराठी माणसांच्या अनुभवात या पट्ट्याला एक खास जागा आहे, आणि ते संकोचाच्या त्याच कारणानं. भाषा येत नाही, माशांची नावं कळत नाहीत, पगार नवा आहे. अशा वेळी डोळ्यांना दिसतं ते उचलायचं ही सोय मोठी वाटते. कोकणातल्या माणसाला मुरवलेला बांगडा, माकूल आणि कोळंबी पाहून धीर येतो. शाकाहारी माणसालाही उपाशी उठावं लागत नाही. काकडीची ‘कप्पामाकी’, सुकवलेल्या दुधीच्या गोडसर पट्ट्यांची ‘कान्प्योमाकी’, आंबवलेल्या सोयाबीनचा चिकट ‘नत्तो’, तळलेल्या तोफूच्या पिशवीत भात भरलेली ‘इनारी’, हे सगळं पट्ट्यावर येतं. फक्त एक गोष्ट सांगून ठेवायला हवी: इनारीची पिशवी आणि दुधीच्या पट्ट्या ज्या पाण्यात शिजवतात त्यात बऱ्याचदा सुक्या माशाचा अर्क असतो. काटेकोर पाळणाऱ्यानं काकडीवर आणि नत्तोवर भिस्त ठेवावी, आणि नत्तोबरोबर येणाऱ्या मसाल्याचीही चौकशी करावी.

२०२३ च्या जानेवारीत या धंद्याला एक धक्का बसला. एका मोठ्या साखळीच्या दुकानात एका तरुणानं सोयासॉसच्या बाटलीला आणि पेल्याला जीभ लावल्याची चित्रफीत पसरली आणि देशभर खळबळ उडाली. उघड्या पट्ट्यावरची वस्तू अनोळखी माणसांच्या हातांजवळून जाते, हे सगळ्यांना माहीत असलेलं सत्य अचानक भीतीदायक वाटू लागलं. बऱ्याच मोठ्या साखळ्यांनी सुशी फिरवणं थांबवलं. आता पडद्यावर बोट लावून मागणी द्यायची आणि सुशी थेट आपल्या टेबलापुढे सरळ धावत येते. याला इतर कारणंही होती. मागणीनुसार केली की वाया जाणारी सुशी कमी होते आणि माणसंही कमी लागतात. सोय वाढली यात वाद नाही. पण नाव माहीत नसलेली बशी समोरून जाताना पाहून, जरा थांबून, उचलून बघायची मोकळीक पडद्यावर मिळत नाही, आणि शेजारच्या माणसानं काय उचललं ते पाहून शिकायची संधीही जाते. पट्टा एका अर्थी विश्वासावर चालत होता, आणि अशी सार्वजनिक सोय हातातून गेली की परत आणणं फार कठीण असतं.

गेनरोकुची दुकानं ओसाकाच्या दोतोम्बोरीसारख्या गजबजलेल्या भागांत आहेत, तिथे पर्यटकांची गर्दी असते. मूळ गाव पाहायचं तर ओसाका-नाम्बाहून किन्तेत्सुची नारा मार्गावरची गाडी पकडावी. त्सुरुहाशी मागे पडलं की थोड्याच वेळात फुसे येतं. नारा आणि ओसाका हे दोन्ही मार्ग इथे फुटतात, त्यामुळे स्थानक वस्तीच्या मानानं मोठं आहे. खाली उतरल्यावर छत घातलेल्या बाजाराच्या गल्ल्या लागतात. दुपारी बाराच्या आधी पोचावं, कारण वर्कशॉपांची सुट्टी झाली की खाणावळींत जागा मिळायला वेळ लागतो.